राखणीचा वाटा

९ नोव्हेंबर

गडचिरोलीच्या डॉक्टरबाईंनी रोज किती झोपलो ते लिहून ठेवायला सांगितलं. आठवडाभर लिहिलं. रोज तेच लिहावं लागत होतं, म्हणून सोडून दिलं. आता झोप सोडून बाकीचं लिहितो.

आजार सिकलसेल. लाल कार्ड, म्हणजे नुसता वाहक नाही, रुग्ण. लहानपणापासून आहे, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं नवं काही नाही. हातापायांत ठणका येतो, काही दिवस राहतो, जातो. उजव्या खुब्यातला मात्र दोन वर्षांपासून गेला नाही. बसलो की बरं असतं. आडवा झालो की सुरू होतो. चामोर्शीच्या झेरॉक्सच्या दुकानातलं काम त्याच्यापायीच सुटलं.

डिंपल, माझी बायको, पडल्या पडल्या झोपते. तिच्या श्वासावरून कळतं. मी भिंतीला टेकून बसतो.

१४ नोव्हेंबर

समाजमंदिरात सोसायटीची बैठक झाली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावचा मामा तलाव, मालगुजारीच्या काळातला, आमच्या मच्छीमार सोसायटीकडे लीजवर आहे. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरलं की मोठं जाळं ओढायचं. ज्या घरचे जितके हात जाळ्याला लागले, तितके त्या घरचे वाटे. आमच्या घरी बाबांचा एक वाटा आहे, एक माझा होता. थंड पाण्यात उतरलो की दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असतो, म्हणून उतरणं बंद केलं आणि वाटाही बंद झाला. कोणी काढून घेतला नाही. वाट्यांसाठी माशांचे ढीग घालताना माझं नाव घेतलं नाही, एवढंच. तेव्हापासून घरात चार माणसं एका वाट्यावर आहेत. त्यातला बसून खाणारा मी.

आजचा विषय राखणीचा होता. तलावाच्या लांबच्या टोकाला तुडुम आहे, पाणी सोडायची जुनी दगडी मोरी. मागच्या वर्षी चोरांनी तिकडून रात्री जाळी टाकून बराच माल नेला. राखण पाळीपाळीने होती. ज्याची पाळी तो झोपला होता, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

अध्यक्ष लच्छूभाऊ म्हणाले, “निकेशले झोप येतच नाई. घरी फुकट जागून राह्यला तो. तलावावर जागू द्या, राखणीचा एक वाटा पाडू.”

चंदन माझा वर्गमित्र आहे. तो म्हणाला, “म्हंजे तलाव त लीजवर होताच, आता सोसायटीनं याची बिमारी बी लीजवर घेतली म्हना.”

सगळे हसले. मीही हसलो. लच्छूभाऊंनी एकच अट घातली. बॅटरीचा उजेड रात्रभर पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, फिरला पाहिजे, झोपडीपासून तुडुमापर्यंत आणि परत. चोराला तो दिसतो आणि गावालाही दिसतो. उजेड फिरला नाही तर वाटा नाही.

बाबांनी घराजवळ आल्यावर विचारलं, “जमन का?” मी जमन म्हणालो.

बरं वाटलं असं नाही म्हणता येणार. वाईट वाटलं नाही, हे खरं.

१८ नोव्हेंबर

पारीच्या गावाकडच्या टोकाला धानाच्या तणसाची झोपडी घातली आहे. बाहेर शेकोटी असते. डिंपल जेवणं झाल्यावर गरम पाण्याची बाटली आणते, खुब्याला लावायला. ती निवली की भरून आणते. मग मी तिला घरी जायला सांगतो आणि ती जाते.

तुडुमापर्यंत काठी टेकत जातो. मध्ये मोहाच्या झाडाखाली थांबतो. परत येतो. पुन्हा जातो.

घरी जागं राहणं आणि इथं जागं राहणं यात फरक आहे. घरी मी जागा असलो की माय उठून विचारायची, काही आणू का. इथं कोणी विचारत नाही. जागं राहणं हेच काम आहे.

३० नोव्हेंबर

आज चहाच्या टपरीवर माझे पैसे दुसऱ्याने दिले. लोक मला चौकीदार म्हणू लागले आहेत. एका म्हाताऱ्याने विचारलं की रात्री पाण्यात मोठा मासा उडाल्याचा आवाज येतो का. येतो म्हणालो. तो समाधानाने गेला.

मासा उडतो तेव्हा मला काही वाटत नाही. आवाज ऐकतो आणि कतला असेल असं ठरवतो.

११ डिसेंबर

थंडी वाढली. पारीवर वारा पाण्यावरून येतो. मी शेकोटीजवळ असलो तरी पाठीकडून गार होतो. खुबा आता चालतानाही दुखतो. गेले काही दिवस मोहाच्या पुढे जाता आलेलं नाही. झोपडीच्या दारात बसून बॅटरी तुडुमाकडे फिरवतो. नवी बॅटरी आहे, उजेड लांब जातो. तेवढं पुरत असावं, कारण चोर आलेले नाहीत आणि लच्छूभाऊंची तक्रारही नाही. उलट काल ते म्हणाले की यंदा राखण मजबूत आहे.

ठणका आला की मी डोळे मिटून बसतो, म्हणून मधल्या वेळचं काही सांगता येत नाही. डोळे मिटणं म्हणजे झोप नव्हे.

घरी मायची कुरकुर सुरू आहे. सून दिवसा झोपते. धानाच्या मळणीवर गेली तर तणसाच्या ढिगाला टेकून झोपली. भाकरी तव्यावर करपली आणि ही चुलीपुढे बसल्या बसल्या डुलत होती. माय मला म्हणाली, “तुह्या वाट्याची झोप बी तिलेच भेटली वाट्टे.”

मायचं बरोबर आहे असं मला वाटलं. एका घरात एकाला इतकी झोप आणि एकाला अजिबात नाही.

१९ डिसेंबर

दवाखान्यातून आज घरी आलो. ठणका छातीपर्यंत चढला होता, म्हणून बाबांनी आणि चंदनने मोटारसायकलवर मध्ये बसवून एसटीच्या थांब्यावर सोडलं. गडचिरोलीपर्यंत डिंपल सोबत होती. बसमध्ये जागा मिळाली नाही तर ती दांड्याला धरून उभ्याने झोपली. कंडक्टर हसला. मला लाज वाटली.

सलाईन लावलं, रक्त दिलं. डॉक्टरबाईंनी खुब्याचा फोटो दाखवला. तिथलं हाड रक्त न मिळाल्यामुळे आतून बसत चाललं आहे, पुढे कधीतरी नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. थंडीत राहायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, झोप झाली पाहिजे. झोपेच्या गोळ्या दिल्या. रात्री कुठे असतोस, असं त्यांनी विचारलं. घरी असतो म्हणालो. डिंपल खिडकीबाहेर बघत होती.

मी नव्हतो तेव्हा राखण बाबांनी केली. आज विचारत होते, “तुडुमापर्यंत जाऊन येता येता जीव निघून जाते माहा. तू रोज कसा जातो?”

मी म्हणालो, जातो.

गोळ्यांचं पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं आहे. जाळं ओढेपर्यंत घ्यायच्या नाहीत. झोपलो तर वाटा गेला.

३ जानेवारी

डिंपलशी भांडण झालं. भांडण म्हणता येणार नाही, मी एकटाच बोललो. दुपारी खुबा ठणकत होता आणि ती भाजी निवडता निवडता मान टाकून झोपली. मी तिला हलवून उठवलं आणि म्हणालो की तुला तरी झोप येते, नशीब आहे तुझं. ती म्हणाली, हो, येते. आणि वांगी चिरायला लागली.

तिचे पाय फुटले आहेत. टाचेला भेगा, भेगांत चिखल सुकलेला. चपलेचा पट्टा तुटला म्हणून आठवड्याच्या बाजारातून नवीन चप्पल आणली, तर माय म्हणाली की दिवसभर झोपणाऱ्या बाईची चप्पल झिजते कशी. घरात जुनी बॅटरी होती, तीही ती रोज चार्जिंगला लावते. लाईट गेली तर असावी, असं कारण सांगते. माय वीजबिलावरून बोलते.

मी मध्ये पडत नाही. माझ्यात कोणाची बाजू घेण्याइतकं काही उरलेलं नाही. आवाज लांबून येतो.

२७ जानेवारी

काल गोळी घेतली.

घ्यायची नव्हती. पण परवापासून पाय जमिनीला नीट टेकवता येत नव्हता. झोपडीत बसलो होतो आणि हात खिशात गेला. अर्धीच घ्यावी म्हणून तोडली, मग दुसरी अर्धी हातात राहिली म्हणून तीही घेतली.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. गुरं पारीवरून जात होती. शेकोटीची राख झाली होती. अंगावर दोन रजया होत्या. मी एकच घेऊन आलो होतो. डिंपल पहाटे बाटली घेऊन आली असेल तेव्हा टाकली असावी.

पहिला विचार तुडुमाचा आला. काठी घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत चंदन पाण्यातून डोंगा वल्हवत येताना दिसला. तो म्हणाला, “काय बे, काल त जोरात होता. तुही बॅटरी रातभर तुडुमाच्या टोकाले दिसे. मी लघवीले उठलो त तिकडंच, पुन्हा उठलो तरी तिकडंच. पाय बरा झाला का?”

मी म्हणालो, हो, थोडा.

तुडुमाजवळ काही गेलेलं नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, कुठे जाळं ओढल्याची खूण नव्हती.

झोपेत चालणारी माणसं असतात असं ऐकलं आहे. गोळीने तसं होत असेल. डॉक्टरबाईंना विचारायला हवं.

१० फेब्रुवारी

झोपेत चाललो नव्हतो.

काल गोळी घेतली नाही. झोपडीत डोळे मिटून बसलो. डिंपल बाटली देऊन गेली. घरी गेली नाही. झोपडीच्या मागच्या बाजूने पारीवर चढली आणि थोडी लांब गेल्यावर बॅटरी लावली. जुनी बॅटरी, पिवळा उजेड. तो मोहापर्यंत गेला, मोहाच्या पुढे गेला, तुडुमाजवळ थोडा थांबला आणि परत निघाला. मी बघत राहिलो. इतके दिवस तो उजेड माझ्यासमोरून गेला असेल आणि मी डोळे मिटून ठणक्याकडे बघत बसलो असेन.

ती जवळ आली तेव्हा मी विचारलं, कधीपासून?

ती म्हणाली, “दिवाळी होऊन थंडी पडली तवापासून. तुमी मोहाखालीच बसून राह्यले एक दिवस. मी म्हनलं, उजेड थांबला त वाटा जाईन.”

सांगितलं का नाही, असं विचारलं.

“सांगून काय करता? तुमी जागता, मी चालतो. दोघायचं मिळून एक मानूस होते.” मग म्हणाली की बाटली निवली असेल, द्या.

मी बाटली दिली. ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं. वाट बघितली. वाटलं नाही. ठणका होता, तेवढाच.

घरी मायला सांगितलं, तिला दिवसा झोपू दे. माय म्हणाली, काऊन? मी कारण सांगितलं नाही. डिंपलनेच सांगू नका म्हटलं आहे, जाळं ओढेपर्यंत.

१ मार्च

आज मोठं जाळं ओढलं. पाणी कमरेइतकं उतरलं होतं. सगळी माणसं उतरली, बाबाही. मी पारीवर बसून होतो. रोहू आणि कतला चांगले वाढले आहेत. एक मरळ इतकी मोठी निघाली की ती धरताना चंदन पाण्यात बसला आणि सगळे थांबून हसले. लच्छूभाऊ दोनदा म्हणाले की यंदा एक मासा चोरीला गेला नाही.

दुपारी ढीग घातले. ढीग सगळे सारखे करतात आणि मग एकेकाचं नाव घेतात. बायका पारीच्या खाली टोपली घेऊन उभ्या होत्या. डिंपल त्यांच्यात होती. बाबांचं नाव झालं. शेवटी लच्छूभाऊ म्हणाले, “राखनीचा वाटा. निकेश शालिकराम.”

ऐकल्यावर मला नाव चुकल्यासारखं वाटलं. झेरॉक्सच्या दुकानात कागदावर नाव चुकलेलं असलं की गिऱ्हाइकाला सांगायचो, तसंच सांगितलं. राखण डिंपलने केली, मी झोपडीत बसून होतो, असं म्हणालो. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मागून एकजण म्हणाला, “म्हंजे यानं राखन केलीच नाई. मंग कायचा वाटा?” दुसरा म्हणाला की बाई रात्री एकटी फिरत होती आणि हा बसून होता. चंदन काहीतरी विनोद करायला गेला, पण कोणी हसलं नाही म्हणून अर्ध्यावर थांबला.

लच्छूभाऊ ढिगापाशी आले. म्हणाले, “बाईच्या नावानं वाटा पाडाची रीत नाई आपली. बसून ठरवू.” माझ्या ढिगावर ओलं पोतं टाकलं. बाकीचे ढीग उचलले गेले.

घरी आल्यावर बाबांच्या वाट्याचे मासे डिंपलने उतरवले, हात धुतले आणि मग म्हणाली, “कायले बोल्ले लोकायसमोर? मी फिरत होती त तुमचा वाटा होता. आता कोनाचाच नाई.”

मी म्हणालो, खरं ते बोललो.

“खरं मले मालूम होतं, तुमाले मालूम होतं. लच्छूभाऊले कायले पाह्यजे होतं ते?”

माय दारात उभी राहून ऐकत होती. आज पहिल्यांदा तिने सुनेला काही म्हटलं नाही. बाबा जाळ्याच्या दोऱ्या सोडवत बसले होते. त्यांनी मला विचारलं, ती खरंच तुडुमापर्यंत जायची का. मी म्हणालो, रोज. बाबांचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

२ मार्च

सकाळी लच्छूभाऊ स्वतः आले. मागे एका पोराच्या डोक्यावर टोपलं. टोपलं ओट्यावर ठेवलं. सोसायटीने ठरवलं होतं की राखण झाली हे खरं, पण नाव ज्याचं होतं त्याने केली नाही, म्हणून अर्धा वाटा द्यायचा. लच्छूभाऊंनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. माझ्या आजाराचंही चांगलंच बोलले. मी मान हलवली. अर्धा तर अर्धा, असंच माझ्या मनात होतं. पूर्ण वाट्याविषयीही मला काही वाटलं असतं असं नाही.

डिंपल आतून आली. पदर डोक्यावर घेतला आणि टोपल्याकडे बघितलं.

“अर्धा कायचा, लच्छूभाऊ? रात अर्धी होती का?”

लच्छूभाऊ म्हणाले की बाई, सगळ्यायनं मिळून ठरवलं.

“सगळ्यायनं मिळून राखन नाई केली.” एवढं बोलून ती आत गेली.

लच्छूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. ते गेले. टोपलं तिथेच राहिलं.

माय म्हणाली, उन्हं चढली की मासे खराब होतील, साफ करायला घेते. बाबा म्हणाले, राहू दे. बाबांनी मायला अडवल्याचं मी कमी वेळा ऐकलं आहे. मग कोणीच हात लावला नाही. कावळे कौलांवर येऊन बसले. मी काठी घेऊन टोपल्याजवळ ओट्यावर बसलो. गोळी घेतली नव्हती. खुबा रोजच्यासारखाच दुखत होता. ऊन पायावर होतं.

कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती मायने हलवलं म्हणून. टोपलं जागेवर नव्हतं. मला वाटलं कावळ्यांनी नेलं, इतकी झोप डोळ्यांत होती. माय म्हणाली की डिंपलने टोपलं डोक्यावर घेतलं आणि तलावावर गेली. सोसायटीची माणसं तिथं जाळी वाळवत आहेत, त्यांच्यासमोर ठेवणार म्हणाली. पूर्ण देत असाल तर माझ्या नावाने द्या, नाहीतर हेही तुमच्याकडेच राहू द्या, असं सांगणार म्हणाली.

एकटीच गेली का, असं विचारलं.

“एकटीच. मी म्हनलं त्याले उठवतो, त म्हने नोका उठवू, मोठ्या मुश्किलीनं झोपले.”

बाबा घरात नव्हते. ते कुठे गेले ते मायला माहीत नव्हतं.

मी उठलो. पाय जमिनीवर टेकवला, पुन्हा टेकवला. ओट्यावरून पारीचं अलीकडचं टोक दिसतं. तिथं माणसं जमलेली दिसत होती, आणि त्यांच्या पुढे जमिनीवर काहीतरी ठेवलेलं. कोण काय बोलत होतं ते इथून ऐकू येत नव्हतं. उजव्या खुब्यातून कळ गेली आणि छातीत धडधडलं. ती धडधड दुखण्याची नव्हती.

माय म्हणाली, थांब, चहा पिऊन जा. मी काठी घेतली आणि निघालो.